सोसू नका, सांगा : पोटातला दाह आणि बाळाचे आरोग्य

उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस आले की सटाण्यात सकाळी सातलाच वस्तीच्या तोंडाशी बायांची गर्दी होते. डोक्याला रुमाल, हातात भाकरीचे फडके आणि पाण्याची बाटली. मुकादमाची गाडी येते आणि बाया आरमकाठच्या, नाही तर मोसमकाठच्या मळ्यांत निघून जातात. दिवसभर कमरेत वाकून वाफ्यात रोपे लावायची. कांदा नसेल तेव्हा डाळिंबाच्या बागा आहेतच. या बायांत कुणी पाच महिन्यांची गरोदर असते, कुणी सात महिन्यांची. एक दिवस खाडा झाला तर रोज बुडतो, म्हणून कुणी घरी थांबत नाही. मळ्यात आडोसा नसतो, म्हणून दिवसभर लघवीला जायचे नाही. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही प्यायचे नाही. संध्याकाळी लघवीला आग होते, ओटीपोटात दुखते. कुणी विचारले तर उत्तर ठरलेले : “काही नाही, बाईच्या जातीला असायचंच.”

या “असायचंच” विषयी आज आम्हाला माता-भगिनींशी बोलायचे आहे. पुरुषांनीही हे पान उलटून पुढे जाऊ नये, कारण ही गोष्ट त्यांच्याही लेकराची आहे.

आमच्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या चुलत भावजयीला सातवा महिना होता. लागवडीचे दिवस होते. पंधरा दिवसांपासून तिला लघवीची आग होत होती आणि अंगावरून पांढरे जात होते. तिने कुणाला सांगितले नाही. मग एका रात्री पाणी झिरपू लागले. तिला वाटले लघवीच सुटते आहे, म्हणून लाजेने ती गप्प राहिली. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला, कळा सुरू झाल्या आणि दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात बाळंतपण झाले. मुलगा होता. तळहाताएवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवले. चार दिवस तो त्या पेटीत जगला आणि पाचव्या दिवशी गेला.

घरी परतल्यावर वस्तीत बोलणे सुरू झाले. कुणी म्हणाले नजर लागली. कुणी म्हणाले अमावस्येला मळ्यात गेली होती, बाहेरची बाधा झाली. कुणी तर तिच्याच पायगुणाला दोष दिला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी भिंतीवर असलेल्या घरात हे बोलणे झाले, हे सांगताना आम्हाला लाज वाटते. पण त्याहून मोठी लाज वेगळीच आहे. ते पंधरा दिवस आम्ही त्याच घरात होतो. रोज एकत्र जेवत होतो. “वहिनी, तब्येत कशी आहे?” एवढेही आम्ही एकदा विचारले नाही.

पुढे एका डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले की पाणमोट आधीच फुटली होती, आत जंतू शिरले होते आणि बाळ जन्मण्यापूर्वीच आत दाह सुरू झाला होता. नजर नव्हती आणि बाधाही नव्हती. जे होते ते वेळेवर कळण्यासारखे होते. त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचायचे, विचारायचे आणि आपल्या माणसांना सांगायचे असे आम्ही ठरवले.

दाह म्हणजे काय?

बोटात काटा मोडला की बोट लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. हाच दाह. शरीरात शत्रू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, लढतात, आणि त्या लढाईची ही खूण असते. म्हणजे दाह मुळात आपल्या रक्षणासाठीच आहे. पण गावात शिरलेल्या चोरासाठी लावलेली आग घरालाही लागावी, तसे कधी कधी होते. लढाई लांबली किंवा नको त्या जागी पेटली की शरीराचेच नुकसान होते.

गरोदर बाईच्या बाबतीत ही नाजूक जागा म्हणजे गर्भाची पिशवी, वार आणि पाणमोटेचा पडदा. योनिमार्गातले जंतू वर सरकून तेथपर्यंत पोहोचले की पडद्यांना सूज येते. दाहामध्ये शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. नऊ महिने भरल्यावर कळा आणण्याचे आणि पिशवीचे तोंड मऊ करण्याचे कामही हीच द्रव्ये करतात. म्हणजे दाहामुळे शरीराला चुकीचा निरोप जातो की वेळ झाली. पडदे कमजोर होऊन पाणमोट फुटते आणि सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू होतात.

दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणांपैकी चारांतील निदान एकामागे असा जंतुदोष आणि दाह असतो, असा जाणकारांचा अंदाज आहे. यातली सर्वांत फसवी गोष्ट ही की पुष्कळदा बाईला ताप येत नाही, दुखत नाही. आतली आग धुराशिवाय जळत राहते.

दाहाची वाट एकच नाही. लघवीचा जंतुदोष, अंगावरून जाण्याचे आजार, गरमीसारखे लैंगिक आजार, हिवताप, हिरड्यांची सूज अशा कितीतरी गोष्टींशी लवकर बाळंतपणाचा किंवा कमी वजनाच्या बाळाचा संबंध आढळलेला आहे.

बाळाचे काय होते?

जगात २०२० साली सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे दिवस भरण्याआधी जन्मली. त्यांपैकी ३० लाखांवर बाळे एकट्या भारतातली होती. इतकी बाळे दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हती. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मले तर ते अपुऱ्या दिवसांचे बाळ समजतात.

अशा बाळाची फुप्फुसे पुरती तयार नसतात, म्हणून श्वासाला त्रास होतो. अंगावर चरबी नसते, म्हणून ते पटकन गार पडते. चोखण्याची ताकद नसते. पण आत दाह असेल तर संकट दुहेरी होते. आईच्या पोटातला दाह बाळाच्या रक्तातही उतरतो. जन्मण्याआधीच त्याचे छोटेसे शरीर लढाईला उभे राहिलेले असते. अशा बाळाला जन्मल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच रक्तात जंतुदोष होण्याचा धोका जास्त असतो. फुप्फुसे पुढेही कमजोर राहू शकतात. आतड्याला इजा होऊ शकते. मेंदूच्या आतल्या भागातले कोवळे तंतू दुखावले तर काही मुले पुढे उशिरा बसतात, उशिरा चालतात; काहींचे हातपाय कडक राहतात.

प्रत्येक बाळाला हे होते असे मुळीच नाही. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली कितीतरी मुले आज शाळेत पहिल्या बाकावर बसतात. घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. “सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही” असे आपल्याकडे म्हणतात, ते मात्र साफ खोटे आहे. आईच्या पोटात सुरक्षित मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाचे बळ वाढवतो.

गडचिरोलीने सोसण्याला तोंड दिले

बायांच्या या मुक्या दुखण्याची पहिली मोठी मोजणी आपल्याच महाराष्ट्रात झाली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. कुणी तक्रार घेऊन आली म्हणून नव्हे, तर गावातल्या सगळ्याच बायांना बोलावून ही तपासणी झाली. १९८९ साली ती इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली आणि जगभर खळबळ उडाली. शंभरांपैकी ९२ बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून अधिक आजार होते. निम्म्या आजारांमागे जंतुदोष होता. आणि पूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या बाया शंभरांत फक्त ८ होत्या.

म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात दुखणे होते आणि प्रत्येक घरात बाई गप्प होती. गडचिरोली दूर आहे, आदिवासी मुलूख आहे, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. सटाण्याच्या पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरच्या बाजूची गावे काय आणि आपली शहरातली वस्ती काय, बाईच्या लाजेचे कुलूप सगळीकडे एकच आहे.

बंग दांपत्य मोजणीवर थांबले नाही. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांचा पाठपुरावा केला. १९९५-९६ साली त्यांनी पाहिलेल्या नवजात बाळांत शंभरी ४२ बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. मग ३९ गावांत गावातल्याच थोडे शिकलेल्या बायांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करत, श्वास मोजत, त्याला ऊब देत आणि जंतुदोष ओळखून औषध देत. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सुमारे १७ दगावत होती. उपचार सुरू झाल्यावर ती संख्या तीनच्या आत आली. शेजारच्या भागाशी तुलना करता नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत शंभरी ६२ ने कमी झाले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून देशभर आशाताईंनी बाळाच्या घरी जाऊन भेटी देण्याची पद्धत सुरू झाली, तिच्या मुळाशी हा अनुभव आहे.

हे काम मोठ्या इस्पितळातल्या यंत्रांनी केलेले नाही. मातीच्या घरात, घड्याळ आणि वजनकाटा घेऊन साध्या बायांनी केले. शिक्षण मिळाले की आपलीच माणसे आपलीच लेकरे वाचवू शकतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

ऐनवेळच्या गोळीने भागत नाही

पुष्कळांना वाटते, आता औषधे पुढारली आहेत, दवाखान्यात गेले की झाले. म्हणून अलीकडच्या तीन मोठ्या चाचण्यांविषयी सांगतो. तिन्हींत आपल्या शेजारच्या बेळगावच्या बायांचा वाटा आहे, आणि त्यांतल्या दोनांत नागपूरकडच्या बायांचाही.

पहिली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. पहिलटकरणींना सहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान अगदी कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी रोज सुरू केली. सहा देशांतल्या जवळजवळ १२ हजार बाया यात होत्या. गोळी न घेणाऱ्यांत शंभरी १३.१, तर घेणाऱ्यांत ११.६ बाळंतपणे दिवसांआधी झाली. फरक लहान आहे, पण आहे. मात्र ही गोळी कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नये.

दुसरी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. सात देशांत २९ हजारांहून अधिक बायांना बाळंतपणाच्या कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या जंतुनाशकाचा एक डोस दिला. आईला होणारा गंभीर जंतुदोष किंवा मृत्यू शंभरी २.४ वरून १.६ वर आला. आईचा फायदा झाला. पण बाळांच्या जंतुदोषात आणि मृत्यूंत काहीच फरक पडला नाही. ऐन कळांच्या वेळी आईला दिलेली गोळी आईच्या उपयोगी पडली, बाळाचे रक्षण तिच्यावर सोडून चालत नाही, एवढे तरी यातून कळते. बाळाची काळजी कळांच्या कितीतरी आधी सुरू व्हावी लागते.

तिसरी गोष्ट दिलाशाची आहे. दिवसांआधी बाळंतपण होण्याची भीती असेल तर आईला डेक्सामेथासोनसारखी इंजेक्शने देतात, त्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. या उपचाराचा शोध १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लागला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांच्या चाचणीत या इंजेक्शनांनी नवजात बाळांचे मृत्यू शंभरी २३.५ वरून १९.६ वर आले. पण इंजेक्शनला आपला परिणाम दाखवायला वेळ लागतो. बाई कळांच्या शेवटच्या तासाला पोहोचली तर डॉक्टर तरी काय करणार? आमच्या वहिनीने पाणी झिरपू लागले त्याच रात्री सांगितले असते तर दोन दिवस हातात होते. ते दोन दिवस लाजेने खाल्ले.

मशेरी आणि ताटातली भाजी

आपल्या वस्तीत पहाटे उठल्यावर मशेरी भाजून दात घासण्याची सवय अजून आहे. “दात शिवशिवतात”, “पोट साफ होत नाही” अशी कारणे असतात. गरोदरपणातही ती सुटत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की मशेरी, तंबाखू, गुटखा घेणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची होती आणि सहा दिवस आधी जन्मली. आठवा महिना लागण्याआधीच बाळंतपण होण्याचा धोका तर जवळजवळ पाचपट होता. मशेरी हे दात घासण्याचे साधन नाही, ती तंबाखू आहे. तिने हिरड्याही खराब होतात. दिवस राहिल्याचे कळले की त्या दिवसापासून ती बंद झाली पाहिजे. आणि सासू रोज समोर मशेरी भाजत बसली तर सुनेची कशी सुटेल? म्हणून सासूबाईंनीही सोडावी, ही आमची हात जोडून विनंती आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील बाळांचे साडेतीन किलो. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे वजनाने बरी निघाली. ज्यांना शेतीचे आणि घरचे जड काम अधिक होते त्यांची बाळे लहान निघाली. बागलाणात मेथी, शेपू, पोकळा, शेवग्याचा पाला यांची वाण नाही. वाण असते ती बाईच्या ताटात वाढणाऱ्या हाताची. घरात सगळ्यांचे जेवून झाल्यावर भांड्याच्या तळाला उरेल ते तिचे. ही रीत आपण मोडली पाहिजे.

विश्रांतीचा हक्क

गरोदर बाईला विश्रांती हवी हे सांगणे सोपे आहे, पण रोजंदारीच्या घरात ती द्यायची कशी? हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील बायांना बाळंतपणाच्या काळात आर्थिक साहाय्य देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांसाठीही त्यांनी कायद्याची बाजू पुढे नेली.

हे त्यांनी केवळ पुस्तकातून ओळखले नव्हते. त्यांच्या आणि माता रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाढले. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली गेलेला राजरत्न ही लेकरे लहानपणीच गेली. ती कोणत्या दुखण्याने गेली हे येथे सांगण्याचा आमचा हेतू नाही. गरिबीच्या घरात लेकरू गमावणे म्हणजे काय असते हे त्या दोघांना ठाऊक होते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने संघटित नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कांदा लावणाऱ्या बाईला मात्र ती रजा नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार रुपये मिळतात. ते पुरेसे नाहीत हे उघड आहे. पण जे आहे तेही कागदपत्रांअभावी कितीजणींचे राहून जाते! वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक तास काढून बायांचे अर्ज भरून दिले तर ते मोठे काम होईल. आणि मुकादमांना आमचे सांगणे आहे : गरोदर बाईला वाकण्याचे काम देऊ नका. बसून निवडण्या-कापण्याचे काम द्या, प्यायला पाणी आणि आडोसा द्या. त्याने तुमचे काही बुडणार नाही.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट नाव नोंदणीची. दिवस राहिल्याचे कळताच, तिसऱ्या महिन्याच्या आत, आशाताईकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. रक्त, लघवी, रक्तदाब, गरमी, एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करून घ्या. लघवीत जंतू असून त्रास काहीच नाही, असेही असते. ते तपासणीतच कळते आणि औषधाने बरे होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती चुकवू नका.

दुसरी गोष्ट औषधाची. जंतुनाशक गोळ्या स्वतःच्या मनाने किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. गरोदरपणात काही औषधे चालतात, काही चालत नाहीत. दिलेला कोर्स मात्र पूर्ण करा. लैंगिक आजार निघाला तर नवऱ्यानेही तपासून औषध घेतले पाहिजे. नाहीतर बायको बरी होते आणि पुन्हा आजारी पडते. येथे पुरुषार्थाचा प्रश्न आणू नये.

तिसरी गोष्ट धोक्याच्या खुणांची. लघवीला आग, घाण वासाचे किंवा हिरवे-पिवळे पाणी अंगावरून जाणे, ताप, दिवस भरण्याआधी पोट पुन्हा पुन्हा घट्ट होणे, कंबर धरून येणे, रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, आणि थेंब थेंब का होईना पाणी झिरपणे. यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ वर फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि जाण्या-येण्याचे वाहन २०११ पासून मोफत आहे. आजारी नवजात बाळाचा उपचारही मोफत आहे. सटाण्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पुढे मालेगावला किंवा नाशिकला पाठवले तर “इतक्या लांब कशाला” म्हणून घरी परतू नका.

चौथी गोष्ट बाळाची. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवावे. याला कांगारू पद्धत म्हणतात. ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात, जन्मल्याबरोबर अशी ऊब मिळालेल्या लहान बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. आई आजारी असेल तर बाप किंवा आजीही बाळाला अशी ऊब देऊ शकते. पहिला पिवळा चीक टाकून देऊ नका. मध, घुटी, साखरपाणी काही देऊ नका. नाळेला राख, तेल, हळद लावू नका. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा.

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, छाती आत ओढली जात असेल, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास असतील, नाळेतून पू येत असेल, झटके येत असतील, तर अंगारा-धुपारा न करता तडक दवाखाना गाठा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरीच बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका. बाळ दाखवा, शंका विचारा.

शेवटी एवढेच

इतके सगळे करूनही कधी कधी बाळ लवकर येते, कधी हातचे जाते. तेव्हा बाईला दोष देऊ नका. पोटातला दाह तिने मागून आणलेला नसतो. तिचे दुःख आधीच डोंगराएवढे असते. त्यावर पायगुणाचा दगड आणखी ठेवू नका.

आमची वहिनी पुढे पुन्हा गरोदर राहिली. या खेपेस तिसऱ्या महिन्यातच नाव नोंदवले. लघवीत जंतू निघाले, औषध झाले. पाचव्या महिन्यापासून ती मळ्यात गेली नाही. त्या दिवसांत घरात एकच भाजी होत असे, पण पहिले ताट तिला वाढले जाई. संध्याकाळी घरी आलो की आम्ही आवर्जून विचारत असू. ती आधी लाजली, मग सांगू लागली. नऊ महिने भरून मुलगी झाली. ती आज बालवाडीत जाते आणि घरभर हुंदडते.

तो गेलेला मुलगा आम्ही विसरलेलो नाही. पण आता आमच्या घरात कुणी बाई “काही नाही” म्हणाली की आम्ही तेथेच थांबत नाही, दुसऱ्यांदा विचारतो. तुम्हीही आज घरी गेल्यावर विचारा. आणि भगिनींनो, तुम्हाला कुणी विचारो वा न विचारो, दुखले तर सांगा.